विज्ञानकथाकाराची दिनचर्या



साहित्याचा इतिहास लिहिणारे लोक ग्रंथांची नावे देतात, सनावळ्या देतात, कोणाचा कोणावर परिणाम झाला तेही सांगतात. परंतु लेखक सकाळी किती वाजता उठत होता, घरभाडे कशातून भरत होता आणि लिहिण्यासाठी घरातला कोणता कोपरा त्याच्या वाट्याला येत होता, याची नोंद त्या इतिहासात क्वचितच सापडते. विज्ञानकथाकाराच्या बाबतीत तर ही उणीव फारच जाणवते. त्याच्या कथेतला नायक मंगळावर उतरलेला असतो, दहा हजार वर्षांपुढच्या जगात वावरत असतो. आणि ती कथा लिहिणारा मनुष्य मात्र वाण्याचे बिल कसे चुकवावे या विवंचनेत असतो. आकाशातले ते जग आणि घरातले हे जग यांचा एकमेकांशी काय संबंध होता, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

विषय मोठा आहे, म्हणून त्याला मर्यादा घालून घेतो. १९२६ पासून १९६० च्या सुमारापर्यंतचा काळ आणि अमेरिका हा देश, एवढाच भाग मी मुख्यतः घेणार आहे. विज्ञानकथा त्यापूर्वीही होती. फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न आणि इंग्लंडमध्ये वेल्स होऊन गेले होते. परंतु विज्ञानविषयक लघुकथा लिहिणे हा ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला, असा लेखकांचा एक वर्गच्या वर्ग या काळात अमेरिकेत उभा राहिला. शेवटी आपल्या मराठीकडेही वळू.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की हा वर्ग प्रतिभेची एखादी लाट अकस्मात आल्यामुळे उभा राहिला नाही. कथा घेऊन जायला एक ठरलेले दार, त्या दाराआड ती मनापासून वाचणारा संपादक आणि वेळेवर हाती पडणारे थोडेसे पैसे, या तीन गोष्टींनी तो उभा केला. त्या डळमळल्या तेव्हा तोही डळमळला.

बाजार आणि भाव

एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले हे इंग्रजीतील पहिले मासिक. ते काढणारा ह्यूगो गर्न्सबॅक हा मूळचा लक्झेंबर्गचा. १९०४ साली तो अमेरिकेत आला, विजेची आणि रेडिओची सामग्री विकू लागला आणि पुढे त्याच विषयांवरची मासिके काढू लागला. विज्ञानकथेला स्वतःचे घर त्याने दिले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. या क्षेत्रातले मानाचे ‘ह्यूगो’ पारितोषिक त्याच्याच नावाने दिले जाते. पण लेखकाला पैसे देताना त्याचा हात फार आखडता असे. लव्हक्राफ्ट या लेखकाची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही सुमारे १२,००० शब्दांची कथा सप्टेंबर १९२७ च्या अंकात आली. वारंवार तगादा लावल्यावर त्याला मिळाले २५ डॉलर, म्हणजे शब्दाला सेंटचा पाचवा हिस्सा. लव्हक्राफ्ट पुढे आपल्या पत्रांतून गर्न्सबॅकला ‘उंदीर’ म्हणू लागला, यात नवल नाही.

जानेवारी १९३० मध्ये ‘अस्टाउंडिंग’ हे प्रतिस्पर्धी मासिक निघाले. त्याचा भाव होता शब्दाला दोन सेंट, तोही कथा स्वीकारताच. लेखकाच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची होती. छापून आल्यावर पैसे आणि स्वीकारल्यावर पैसे यांत कित्येक महिन्यांचे अंतर पडे, आणि भाडे तर दर महिन्याला द्यावे लागे. हा उदार प्रकाशक १९३३ साली दिवाळखोरीत गेला. मासिक ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या जुन्या कंपनीने घेतले आणि भाव शब्दाला एक सेंटावर आला. पुढची अनेक वर्षे बऱ्या मासिकांचा हाच भाव राहिला. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरखरीत, थोड्याच दिवसांत पिवळ्या पडणाऱ्या कागदावर ही मासिके छापली जात.

एक सेंट म्हणजे किती? ऑक्टोबर १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा अमलात आला. त्यात तासाला २५ सेंट ठरले होते. म्हणजे ६,४०० शब्दांच्या कथेचे ६४ डॉलर झाले, तर ती एका मजुराच्या २५६ तासांची, जवळजवळ सहा आठवड्यांची कमाई झाली. हिशेब ऐकायला गोड आहे. त्यात कडू एवढेच, की मजुराचा दिवस भरला की मजुरी ठरलेली असते. लेखकाच्या कथा मात्र ‘साभार परत’ येतात आणि परत आलेल्या कथेचे कोणी पाच सेंटही देत नाही.

दुकानातला मुलगा

हा ६४ डॉलरांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आयझॅक असिमॉव्ह या तरुणाला त्याच्या पहिल्या विकल्या गेलेल्या कथेचे नेमके एवढेच पैसे मिळाले होते. असिमॉव्ह १९२० साली रशियात जन्मला आणि १९२३ साली आईबापांबरोबर अमेरिकेत आला. वडिलांनी १९२६ साली ब्रुकलिनमध्ये गोळ्या, सिगारेटी, वर्तमानपत्रे विकण्याचे दुकान घेतले. अशी दुकाने पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत उघडी असत आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांत राबावे लागे. मुलगा पहाटे उठून वर्तमानपत्रे टाकी, मग शाळेत जाई, परतल्यावर पुन्हा गल्ल्यावर बसे. पहाटे उठण्याची सवय त्याला जन्मभर पुरली आणि पाचशेच्या घरात पुस्तके लिहून झाली तरी गेली नाही.

दुकानात रंगीबेरंगी मासिके टांगलेली असत, पण वडिलांच्या मते ती पोरांना बिघडवणारी होती. १९२९ साली एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द दिसला, तेव्हा मुलाने तो वडिलांना दाखवून वाचण्याची परवानगी काढली. विज्ञानकथेच्या इतिहासातले एक मोठे पर्व अशा घरगुती वाटाघाटीतून सुरू झाले! वाचून झाल्यावर मासिक नीट मिटून पुन्हा विक्रीला टांगायचे, ही अट होतीच.

२१ जून १९३८ रोजी हा अठरा वर्षांचा मुलगा आपली पहिली कथा घेऊन भुयारी रेल्वेने ‘अस्टाउंडिंग’च्या कचेरीत गेला. टपालाने पाठवण्यापेक्षा रेल्वेचे जाण्यायेण्याचे दहा सेंट स्वस्त पडत होते, आणि स्वतः जाण्याचा सल्ला वडिलांचा होता. संपादक जॉन कॅम्पबेल त्याच्याशी तासाहून अधिक वेळ बोलला. दोन दिवसांत कथा परत आली, पण तिच्याबरोबर ती का नापसंत झाली हे समजावणारे सविस्तर पत्रही आले. मुलाने लगेच दुसरी कथा लिहायला घेतली. तिसरी कथा ऑक्टोबरमध्ये ‘अमेझिंग’ने घेतली, तिचेच ते ६४ डॉलर. तोवर तो कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होता; कथांचे पैसे फीसाठी जात.

१९४९ पर्यंतच्या अकरा वर्षांत त्याने या कथालेखनातून एकूण मिळवले ते पावणेआठ हजार डॉलरांच्या आसपास, म्हणजे आठवड्याला जेमतेम चौदा डॉलर. ‘नाइटफॉल’ आणि ‘फाउंडेशन’मालेतल्या कथा त्याच काळातल्या आहेत. ज्या कथांनी त्याचे नाव जगभर झाले, त्यांच्यावर त्याचे घर चालू शकले नसते. तेव्हा त्याने पदवी घेतली, युद्धकाळात फिलाडेल्फियाच्या नौदल-कारखान्यात नोकरी केली आणि १९४९ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायला लागला. पूर्णवेळ लेखनाकडे तो १९५८ साली वळला, आणि तेव्हाही आधार मुख्यतः पुस्तकांचा होता.

संपादकाची खोली

कॅम्पबेलबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. १९३७ च्या अखेरीस त्याने ‘अस्टाउंडिंग’ हाती घेतले आणि जुलै १९७१ मध्ये मरेपर्यंत सोडले नाही. तो स्वतः भौतिकशास्त्राचा पदवीधर आणि नावाजलेला कथाकार. परंतु संपादक झाल्यावर त्याने स्वतःचे लेखन जवळजवळ थांबवले आणि आपल्या कल्पना इतरांना वाटून टाकल्या. मार्च १९४१ मध्ये असिमॉव्ह त्याच्या खोलीत शिरला, तेव्हा कॅम्पबेलने त्याच्यापुढे एक प्रश्न टाकला : हजार वर्षांतून एकदाच तारे दिसत असतील, तर त्या रात्री माणसांचे काय होईल? त्या प्रश्नातून ‘नाइटफॉल’ ही कथा झाली. ती सप्टेंबर १९४१ च्या अंकात आली आणि तिला शब्दाला पाव सेंट वाढवून मिळाला. पुढे अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांच्या संस्थेने जुन्या कथांविषयी सभासदांची मते घेतली, तेव्हा ही कथा पहिली आली.

संपादकाचे हे देणे मोठे होते, तसे त्याचे ओझेही होते. पृथ्वीवरचा मानव परग्रहावरच्या प्राण्यापुढे हरता कामा नये, असा कॅम्पबेलचा आग्रह असे. या आग्रहाशी वाद नको म्हणून असिमॉव्हने आपल्या ‘फाउंडेशन’च्या आकाशगंगेत मानवाखेरीज कोणी ठेवलेच नाही. उतारवयात कॅम्पबेलची वंशविषयक मते अधिकच कडवट झाली. काळ्या नायकाची कथा आपल्या वाचकांना पटणार नाही, असे कारण सांगून त्याने ‘नोव्हा’ कादंबरी क्रमशः छापायला नकार दिला, असे तिचा लेखक सॅम्युएल डिलनी याने नंतर लिहिले आहे. कॅम्पबेलच्या नावाने नवोदितांना दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाचे नाव २०१९ साली बदलण्यात आले, ते या मतांमुळेच. दार एकच असले आणि त्याची किल्ली एकाच माणसाकडे असली, की त्या दारातून कोणत्या उंचीची माणसे आत यायची हेही तोच ठरवू लागतो.

घरातले टेबल

आता काही घरांत डोकावू. रॉबर्ट हाइनलाइन हा नौदलातला अधिकारी. क्षयामुळे १९३४ साली त्याला निवृत्त व्हावे लागले. १९३८ साली तो कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळासाठी उभा राहून हरला. डोक्यावर घराचे कर्ज होते. त्याने एक कथा लिहून कॅम्पबेलला पाठवली आणि ७० डॉलरांचा चेक आला. पुढे त्याने होतकरू लेखकांसाठी नियम सांगितले. त्यांत प्रतिभेचा उल्लेख नाही. लिहा, सुरू केलेले पुरे करा, संपादकाने सांगितल्यावाचून पुन्हा पुन्हा गिरवत बसू नका, लिहिलेले बाजारात पाठवा आणि विकले जाईपर्यंत पाठवत राहा, असा त्यांचा आशय आहे. एखाद्या पेढीवरच्या मुनिमाने सांगावे तसेच हे नियम आहेत, आणि ते पाळणारे लेखक फार थोडे असतात.

लॉस एंजेलिसमध्ये रे ब्रॅडबरी हा तरुण चौकात उभा राहून वर्तमानपत्रे विकत असे. महाविद्यालयात जाण्याइतके पैसे घरी नव्हते. १९३८ साली शाळा संपली तेव्हा सार्वजनिक ग्रंथालय हेच त्याचे विद्यापीठ झाले. आठवड्याला एक कथा लिहायची असा त्याचा नेम होता. १९४१ साली दुसऱ्या एका लेखकाबरोबर लिहिलेली त्याची कथा साडेसत्तावीस डॉलरांना गेली. निम्मे पैसे त्याचे. १९५० साली घरात तान्हे मूल होते आणि भाड्याने वेगळी खोली घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा त्याला कळले, की विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात टाइपरायटर मांडलेले आहेत. यंत्रात दहा सेंटचे नाणे टाकले की अर्धा तास टाइप करता येते. खिशात चिल्लर भरून तो तिथे जाऊ लागला. नऊ दिवसांत ९ डॉलर ८० सेंट खर्ची पडले, म्हणजे ४९ तासांचे काम झाले, आणि ‘द फायरमन’ ही दीर्घकथा पुरी झाली. तीच वाढवून १९५३ साली ‘फॅरनहाइट ४५१’ हे पुस्तक झाले. पुस्तके जाळणाऱ्या राजवटीची ही कथा एका ग्रंथालयाच्या तळघरात, नाणे संपायच्या आत वाक्य पुरे करण्याच्या घाईत लिहिली गेली.

स्त्रियांचा दिवस कसा जात होता? कॅथरिन मूर ही इंडियानापोलिसमध्ये एका बँकेत नोकरीला होती. मंदीचे दिवस होते. नोकरीशिवाय दुसरी मिळकत आहे असे वरिष्ठांना कळले तर असलेली नोकरी जाईल, या भीतीने तिने ‘सी. एल. मूर’ अशी आद्याक्षरे वापरली. १९३३ साली तिची पहिली कथा ‘विअर्ड टेल्स’मध्ये येऊन गाजली. हेन्री कटनर या लेखकाने ती आद्याक्षरे पुरुषाची समजून तिला अभिनंदनाचे पत्र पाठवले. १९४० साली दोघांचे लग्न झाले. त्यानंतर त्यांचे लेखन असे एकजीव झाले, की एकजण टाइपरायटरवरून उठला की दुसरा त्याच ठिकाणी बसून पुढचे लिही. ‘लुईस पॅजेट’सारखी टोपणनावे दोघांची मिळून होती. पुढे कोणते वाक्य कोणाचे हे त्यांनाही सांगता येईना. घरात यंत्र एक आणि भाडे दोघांनी मिळून भरायचे, अशा संसारातले हे सहलेखन होते.

भरती आणि ओहोटी

दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब पडला आणि एका दिवसात विज्ञानकथा पोरकट राहिली नाही. १९४९ आणि १९५० मध्ये दोन नवी, दर्जेदार मासिके निघाली. त्यांपैकी ऑक्टोबर १९५० मध्ये निघालेल्या ‘गॅलक्सी’ने शब्दाला निदान तीन सेंट देण्यास सुरुवात केली. त्याचा संपादक होरेस गोल्ड हा युद्धानंतर घराबाहेर पडण्याच्या भीतीने पछाडलेला होता. न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरातूनच तो मासिक चालवी आणि लेखकांशी तासन्‌तास टेलिफोनवर बोले.

या भरतीवर विसंबून काही तरुणांनी नोकऱ्या सोडल्या. फिलिप डिक हा त्यांतला एक. बर्कलेमध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या दुकानात तो नोकरीला होता. १९५१ साली पहिली कथा विकली गेली आणि १९५३ या एका वर्षात त्याच्या तीसच्या आसपास कथा छापून आल्या. बारा दिवसांना एक कथा! तरीही कुत्र्यामांजरांच्या खाद्याच्या दुकानातून स्वस्त घोड्याचे मांस आणून आपण दिवस काढले, असे त्याने पुढे लिहिले आहे. ‘गॅलक्सी’चे तीन सेंट क्वचित मिळत, बाकीची मासिके जुन्याच भावात होती.

१९५७ साली अमेरिकेतली मासिके गावोगाव पोहोचवणारी सर्वांत मोठी वितरणसंस्था मोडीत निघाली. अंक दुकानापर्यंत पोहोचेनात आणि मासिके एकामागून एक बंद पडली. लेखकाने कथा नीट लिहिली होती, संपादकाने ती नीट वाचली होती. पण गठ्ठे वाहून नेणारी मोटार आली नाही, म्हणून लेखकाचा संसार अडला. डिकसारखे लेखक कागदी बांधणीच्या स्वस्त कादंबऱ्यांकडे वळले. विज्ञानकथा मेली नाही, परंतु केवळ लघुकथेवर जगण्याचा काळ मात्र संपत आला.

मराठीतला दिवस

मराठीत केवळ विज्ञानकथा लिहून घर चालवणारा लेखक माझ्या पाहण्यात नाही. आपला विज्ञानकथाकार नोकरीतून उरलेल्या वेळात लिहीत आला. याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण डॉ. जयंत नारळीकर यांचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथास्पर्धा जाहीर केली होती. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते आणि त्यांचे नाव सर्वांना माहीत होते. अहमदाबादच्या एका परिषदेत एक कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना आपण कथा लिहायला घेतली, असे त्यांनी सांगितले आहे. (आपल्यापैकी कोणी या क्षणी कागद काढून बसला असेल, तर माझी हरकत नाही, कथा मात्र चांगली झाली पाहिजे.) नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून करून घेतली. ‘कृष्णविवर’ या त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मग ‘किर्लोस्कर’ मासिकाकडून कथांची मागणी आली, १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला, आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद या खगोलशास्त्रज्ञाकडे चालत आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मूरबाईंनी नाव लपवले ते पोटासाठी. नारळीकरांनी लपवले ते कथेची पारख कथा म्हणूनच व्हावी म्हणून. ज्याची चूल कथेवर अवलंबून नाही, तो विज्ञानाशी तडजोड करीत नाही, हा आपल्या पद्धतीचा लाभ. उणीव अशी, की आठवड्याला एक कथा लिहून, दहा परत येऊन, अकरावीत हात बसण्याची जी तालीम ब्रॅडबरीला मिळाली, ती आपल्या तरुणाला मिळत नाही. तरीही पाहा, नारळीकरांच्या बाबतीतही त्याच गोष्टी होत्या : स्पर्धेचे उघडे दार, नाव न पाहता वाचणारे परीक्षक आणि पुढची कथा मागणारे मासिक.

आज काय?

आता शेवटचा हिशेब मांडतो. अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांच्या संस्थेने सप्टेंबर २०१९ पासून व्यावसायिक लेखनाचा किमान भाव शब्दाला आठ सेंट ठरवला. एकावरून आठ, ही वाढ वाटेल. परंतु दरम्यान महागाई किती वाढली? १९३८ च्या एका सेंटाची खरेदीशक्ती २०१९ मध्ये सुमारे अठरा सेंटांइतकी होती. म्हणजे दुकानात राबणाऱ्या त्या मुलाला जे मिळत होते, त्याच्या निम्मेही आजच्या किमान भावात मिळत नाही.

आणि दार? २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या नामांकित विज्ञानकथा-मासिकाने काही काळ नव्या कथा घेणे बंद केले. त्या एका महिन्यात यंत्राकडून लिहवून घेतलेल्या पाचशेहून अधिक कथा संपादकापुढे येऊन पडल्या होत्या. यंत्रे कथा लिहू लागतील ही कल्पना विज्ञानकथाकारांना नवी नव्हती. यंत्रांच्या कथांच्या ढिगाखाली संपादकाचे टेबल गाडले जाईल आणि त्या ढिगात एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाची खरी कथा सापडायची राहून जाईल, ही भीती नवी आहे.

दारिद्र्यामुळे प्रतिभा फुलते, असे म्हणणारे लोक आहेत. ज्यांनी घोड्याचे मांस खाल्ले त्यांनी तसे म्हटलेले नाही. पैशासाठी लिहिलेले टिकत नाही, असेही म्हटले जाते. शब्दाला सव्वा सेंट भावाने विकलेली ‘नाइटफॉल’ ऐंशी वर्षांनंतरही वाचली जाते, हे त्याला उत्तर आहे. लेखकाला थोडे पैसे लागतात, तसा एक वाचक लागतो. असा वाचक, की जो कथा परत करतानाही ती का परत केली हे दोन ओळींत कळवील. आपल्याकडे दिवाळी अंकांचे संपादक आहेत, विज्ञानसंस्था आहेत, ग्रंथालये आहेत. ज्या गावच्या ग्रंथालयात लिहिण्यासाठी एक टेबल आणि एक दिवा राखून ठेवलेला असेल, आणि ज्या अंकाचा संपादक अनोळखी नावाचे पाकीट स्वतःच्या हाताने फोडत असेल, तिथे विज्ञानकथा लिहिली जाईल. एवढी सोय करणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.